साठ हजारांत तीन हजार: प्रतिस्पर्ध्याच्या मैदानात जाणारे चाहते

रात्री उशिरा इंग्लिश प्रीमियर लीगचा सामना लावला की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. सगळं स्टेडियम एका रंगाचं आणि एखाद्या कोपऱ्यात मात्र वेगळ्याच रंगाचा एक तुकडा. त्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्यांच्या रिकाम्या रांगा, त्यांच्यावर ताणलेलं कापड नाहीतर जाळी आणि कडेला भडक रंगाच्या जाकिटांतली माणसं पाठ मैदानाकडे करून उभी. गंमत म्हणजे टीव्हीवर जे गाणं आणि आरडाओरडा ऐकू येतो, तो बऱ्याचदा याच कोपऱ्यातून येत असतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हा कोपरा अचानक राजकीय बातमी झाला. बर्मिंगहॅममध्ये ॲस्टन व्हिला आणि इस्रायलचा मक्काबी तेल अवीव यांचा युरोपा लीगचा सामना होता आणि त्याला पाहुण्या संघाच्या चाहत्यांना प्रवेशच द्यायचा नाही असं ठरलं. ब्रिटनचे पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी हा निर्णय चुकीचा असल्याचं जाहीरपणे म्हटलं. फुटबॉल फक्त टीव्हीवर पाहणाऱ्या अनेकांना तेव्हा प्रश्न पडला की मुळात हे ठरवतं कोण? पाहुण्यांना जागा किती असते, ती कुणाला मिळते आणि एवढा जिवाला घोर लावून लोक दुसऱ्याच्या मैदानात जातात तरी कशाला?

आधी हिशेब: किती जणांना प्रवेश?

लीगमध्ये प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानात आणि एकदा त्याच्या. दुसऱ्याच्या मैदानातल्या सामन्याला ‘अवे’ सामना म्हणतात आणि तिथे पाहुण्या चाहत्यांसाठी राखलेल्या भागाला ‘अवे एंड’. प्रीमियर लीगमध्ये संघ २०, म्हणजे वर्षाला १९ अवे सामने. त्याखालच्या तीन विभागांत प्रत्येकी २४ संघ असल्यामुळे २३.

जागा किती द्यायची हे यजमानाच्या मर्जीवर नसतं. प्रीमियर लीगच्या नियमाप्रमाणे पाहुण्या क्लबला ३,००० तिकिटं किंवा स्टेडियमच्या क्षमतेच्या १० टक्के, यांतला जो आकडा लहान असेल तेवढी मागता येतात. त्यामुळे मँचेस्टर युनायटेडच्या ७४ हजारांच्या ओल्ड ट्रॅफर्डवरही पाहुणे तीन हजारच आणि बोर्नमथच्या चिमुकल्या मैदानात तर जेमतेम अकराशे-बाराशे. एफए कपमध्ये, म्हणजे हरला तो बाहेर अशा इंग्लंडच्या जुन्या स्पर्धेत, हे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत जातं, म्हणून कपच्या सामन्यांत तो कोपरा एकदम पसरलेला दिसतो. जर्मनीच्या बुंडेसलिगात १० टक्के. युरोपातल्या स्पर्धांमध्ये यूएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, दंडक किमान ५ टक्क्यांचा.

तिकीट मिळतं कुणाला?

मोठ्या क्लबचं अवे तिकीट मिळणं हे घरच्या मैदानातलं तिकीट मिळण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. ही तिकिटं पाहुणा क्लबच आपल्या चाहत्यांना विकतो आणि त्यासाठी बहुतेक क्लब ‘लॉयल्टी पॉइंट’ मोजतात. म्हणजे आजवर तुम्ही किती सामन्यांना गेलात, त्याचे गुण. ज्याचे गुण जास्त, त्याला विक्री आधी खुली. जवळच्या, चुरशीच्या सामन्याचं तिकीट हवं असेल तर आधी कधीतरी मंगळवारच्या रात्री, पावसात, दूरच्या कंटाळवाण्या सामन्याला जाऊन गुण साठवावे लागतात. याची दुसरी बाजू अशी की नव्या किंवा तरुण चाहत्याला या रांगेत शिरायलाच जागा नसते. जुनी मंडळी वर्षानुवर्षं पुढे आणि बाकीचे मागे. क्लब यावर काही तिकिटं सोडतीने वाटण्यासारखे उपाय करतात, पण मागणी एवढी असताना कुठलीही पद्धत अर्ध्या लोकांना अन्यायाचीच वाटणार.

पैशाचा मुद्दाही मजेशीर आहे. इंग्लंडमध्ये लीग सामन्याच्या तिकीटविक्रीतला वाटा पाहुण्या क्लबला देण्याची जुनी पद्धत १९८३ मध्ये बंद झाली, तेव्हापासून सगळं उत्पन्न यजमानाचं. त्यामुळे पाहुण्यांकडून भरपूर उकळायचा मोह यजमानाला होणारच. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलने मँचेस्टर सिटीच्या चाहत्यांसाठी ६२ पौंडांचं तिकीट लावलं, तेव्हा सिटीने तीन हजारांतली नऊशेहून जास्त तिकिटं परत पाठवली. पाहुण्यांच्या कोपऱ्यात रिकाम्या खुर्च्या दिसल्या आणि बातमी झाली. त्याच वर्षी चाहत्यांच्या संघटनेने अवे तिकीट २० पौंडांच्या वर नको अशी मोहीम उघडली. वीस काही मिळाले नाहीत, पण २०१६-१७ च्या हंगामापासून प्रीमियर लीगने अवे तिकिटावर ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली आणि पुढे तिला मुदतवाढ मिळत गेली. क्लबांना हे औदार्य कसं सुचलं? माझ्या मते उत्तर टीव्हीत आहे. जगभर विकायचा माल म्हणजे भरलेलं, गाजणारं स्टेडियम आणि तो गाजावाजा पुरवणारे हेच तीन हजार.

तिकीट स्वस्त झालं तरी प्रवास स्वस्त होत नाही. प्लिमथ हे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाचं बंदर आणि संडरलँड ईशान्येला. हे दोन क्लब एकाच विभागात असले की एका फेरीचं अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर आणि तेवढंच परत. त्यात प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्या सामन्याचा दिवस आणि वेळ बदलतात. शनिवारी दुपारचा सामना सोमवारी रात्रीवर गेला की आधी काढलेलं रेल्वेचं स्वस्त तिकीट वाया जातं आणि सामना संपेपर्यंत परतीची शेवटची गाडीही निघून गेलेली असते. अवे चाहत्यांना विचारा, प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त शिव्या ते टीव्हीच्या वेळापत्रकाला देतात.

वेगळं बसवायची गरज काय?

एकाच घरात दोन भाडेकरू असावेत, पण दारं वेगळी, जिने वेगळे, संडास वेगळे आणि मधल्या दाराला कायमचं कुलूप, तसं हे स्टेडियम असतं. पाहुण्यांचं प्रवेशद्वार वेगळं, खाण्यापिण्याचा कट्टा वेगळा, बाहेर पडायचा रस्ताही वेगळा. मधल्या रिकाम्या रांगा म्हणजे वाया गेलेल्या जागा नाहीत. दोन्ही गटांचे हात एकमेकांपर्यंत पोचू नयेत आणि मध्ये स्टुअर्ड, म्हणजे क्लबचे सुरक्षा कर्मचारी, उभे राहता यावेत एवढं अंतर त्या देतात.

ही व्यवस्था किती गंभीर आहे ते २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये दिसलं. लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यात युरोपियन कपचा अंतिम सामना होता. लिव्हरपूलच्या चाहत्यांना लागून असलेला ‘झेड’ विभाग तटस्थ प्रेक्षकांसाठी ठेवला होता. प्रत्यक्षात तिथली बरीच तिकिटं युव्हेंटसच्या समर्थकांच्या हाती गेली. मध्ये होतं ते एक तकलादू कुंपण. लिव्हरपूलचे चाहते ते ओलांडून धावून गेले, पलीकडचे लोक जीव वाचवायला मागे सरकले, चेंगरले, भिंत कोसळली आणि ३९ माणसं गेली, बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षं बंदी आली, लिव्हरपूलवर आणखी एक वर्ष. हल्ला करणाऱ्यांचा दोष तर होताच, पण कुठलं तिकीट कुणाच्या हातात पडतंय याचा कुणालाच पत्ता नसणं हेही तितकंच महागात पडलं.

तिकिटांची ही गळती आजही होते. १४ एप्रिल २०२२ ला बार्सिलोनाच्या कॅम्प नो स्टेडियमवर जर्मनीच्या आइन्ट्राख्ट फ्रँकफुर्टला अधिकृत तिकिटं होती पाच हजार, पण आत तीस हजारांच्या आसपास फ्रँकफुर्टवाले शिरले होते. यजमानांच्या वाट्याची तिकिटं त्यांनी मिळेल तिथून विकत घेतली होती. सारा कॅम्प नो पांढऱ्या कपड्यांनी भरला आणि बार्सिलोना स्वतःच्या घरात २-३ ने हरली. सुदैवाने त्या रात्री मोठं काही घडलं नाही. बार्सिलोनाने नंतर युरोपातल्या सामन्यांसाठी नावाची तिकिटं आणली, म्हणजे ज्याचं नाव त्यालाच प्रवेश.

त्या कोपऱ्यात नेमकं काय चालतं?

दिवसाची सुरुवात पहाटे होते. क्लबच्या किंवा चाहत्यांच्या मंडळाच्या बसमध्ये दारू न्यायला कायद्याने बंदी आहे. १९८५ च्या त्या कायद्यामुळेच इंग्लंडमध्ये मैदान दिसतं अशा जागी बसून बिअर पिता येत नाही, खालच्या कट्ट्यावर उभ्याने संपवून मगच वर जायचं. शहरात पोचल्यावर अनेक पबांच्या दारावर ‘फक्त यजमान चाहते’ अशी पाटी असते आणि दारावरचा माणूस तिकीट बघतो. धोक्याच्या सामन्यांना तर ‘बबल’ लावतात. ठरलेल्या बसनेच यायचं, बसमध्येच किंवा वाटेतल्या थांब्यावर तिकीट हातात मिळणार आणि बस थेट पाहुण्यांच्या दाराशी उभी राहणार. शहर बघणं वगैरे विसरा.

प्रत्येक अवे एंडचा स्वभाव निराळा. न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कमध्ये पाहुण्यांना पार वरच्या टोकाला बसवतात. जिने चढता चढता दम लागतो आणि खेळाडू मुंगीएवढे दिसतात, पण शहराचा देखावा फुकट. ल्यूटनच्या केनिलवर्थ रोडवर पाहुण्यांचं दार चक्क घरांच्या रांगेतून निघतं आणि वर चढताना लोकांच्या परसात वाळत घातलेले कपडे दिसतात. ड्रेसिंग रूमबाबतही यजमान काही कमी खोडकर नसतात. नॉरिचने २०१८ मध्ये पाहुण्या संघाची खोली गुलाबी रंगवून टाकली होती, त्या रंगाने माणूस मऊ पडतो म्हणे.

आत गेल्यावर तिकिटावरचा खुर्चीचा आकडा ही केवळ सूचना असते. लोक मित्रांच्या टोळक्याने, मिळेल तिथे उभे राहतात. हो, उभेच. खुर्च्या असल्या तरी नव्वद मिनिटं कुणी बसत नाही. पुढचा उभा राहिला की मागच्याला पर्याय उरत नाही, त्यामुळे उंचीने कमी असलेल्यांचे, लहान मुलांचे आणि गुडघे दुखणाऱ्यांचे फार हाल होतात. आपल्या संघाने गोल केला की कोण कुणाच्या अंगावर पडतं ते कळत नाही. पुढच्या खुर्चीची पाठ नेमकी नडगीच्या उंचीवर येते. जल्लोषात सगळे पुढे कलंडतात तेव्हा ती नडगीवर आपटते आणि दुसऱ्या दिवशी तिथे निळा डाग दिसतो. हा धोका ओळखूनच २०२२ पासून इंग्लंडच्या वरच्या दोन विभागांत खुर्च्यांच्या मागे लोखंडी दांडे बसवलेले ‘सुरक्षित उभं राहण्याचे’ विभाग कायदेशीर झाले.

अवे तिकीट न मिळालेला चाहता कधीकधी यजमानांच्या भागातलं तिकीट काढतो, तेव्हा खरी परीक्षा. अंगावर क्लबचा रंग नको, तोंडातून गाणं नको. शेजारचे काका सामन्याबद्दल बोलायला लागले तर हं-हं करायचं. ९० व्या मिनिटाला आपला गोल होतो, समोरचा कोपरा उसळतो आणि हा बिचारा हात मांड्यांखाली दाबून, चेहरा पाडून बसलेला. एक उद्गार निसटला तरी स्टुअर्ड बाहेर काढू शकतात. मैदानाच्या नियमांत तसं लिहिलेलंच असतं आणि बहुतेक वेळा ते त्याच्याच भल्याचं असतं.

सामना संपला तरी सुटका नाही. युरोपात अनेक ठिकाणी यजमान प्रेक्षक पांगेपर्यंत पाहुण्यांना अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ जागेवरच थांबवून ठेवतात. जिंकले असतील तर हा वेळ गाण्यांत निघून जातो. हरल्यावर, थंडीत, दिवे मालवत चाललेल्या रिकाम्या स्टेडियममध्ये तो काढावा लागला तर मात्र कुणी कुणाशी बोलत नाही.

एवढ्याशा लोकांचा आवाज मोठा कसा?

कारण ही गाळून आलेली माणसं आहेत. यजमानांच्या साठ हजारांत सगळ्या तऱ्हेचे लोक असतात. वार्षिक पासवाले आजोबा, कंपनीच्या पैशाने आलेले पाहुणे, पहिल्यांदाच आलेली कुटुंबं. कोपऱ्यातले तीन हजार मात्र साडेसहाशे किलोमीटर प्रवासाच्या चाळणीतून उरलेले असतात. एकाच ठिकाणी, उभे आणि सगळ्यांना सगळी गाणी पाठ. यजमान प्रेक्षक गप्प असले की हे ग्रंथालय आहे का, असं ते गाऊनच विचारतात.

पण त्याने निकाल बदलतो का? प्रेक्षकांचा परिणाम होतो याला चांगला पुरावा आहे. ॲलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ४० पंचांना एकाच सामन्यातल्या ४७ टॅकलचं चित्रण दाखवलं. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना मुकं. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. दुसरा पुरावा महासाथीने दिला. २०२०-२१ चा प्रीमियर लीग हंगाम जवळजवळ रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. ३८० सामन्यांत यजमान जिंकले १४४ आणि पाहुणे १५३. इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात पाहुण्यांचे विजय यजमानांपेक्षा जास्त असण्याची ती पहिलीच वेळ.

यावरून यजमान गर्दीचं वजन कळतं, कोपऱ्यातल्या तीन हजारांचं वेगळं मोजमाप यातून निघत नाही. ते साठ हजारांचा दबाव पुसून टाकतात असं मी म्हणणार नाही. पण गोल झाल्यावर पाहुणा खेळाडू धावत जातो तो त्याच कोपऱ्याकडे आणि हरल्यावर टाळ्या वाजवत, मान खाली घालून जातो तोही तिकडेच. गेला नाही तर त्याला आठवडाभर ऐकून घ्यावं लागतं.

‘पण ही सगळी दंगेखोर मंडळीच ना?’

हा आक्षेप जुना आहे आणि त्याला कारणंही आहेत. १९७० आणि ८० च्या दशकांत इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या नावाने भरपूर मारामाऱ्या झाल्या. पण सगळ्याच चाहत्यांना धोका समजून वागवलं तर काय होतं, याचं उदाहरण हिल्सबरो. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डमधल्या या स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कपचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या चाहत्यांना लेपिंग्ज लेनची बाजू दिली होती, एरवी पाहुण्यांना देतात ती. मैदानात कुणी उतरू नये म्हणून तिथे उंच जाळ्या आणि पिंजऱ्यासारखे कप्पे केले होते. पोलिसांनी बाहेरचं मोठं दार उघडलं, पण आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. लोक जाळीवर चेंगरले. मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. सुरुवातीला खापर चाहत्यांवरच फोडलं गेलं. त्यांचा दोष नव्हता आणि हे मृत्यू बेकायदेशीर होते, असं ज्यूरीने अखेर सांगितलं ते २०१६ मध्ये, २७ वर्षांनी.

गर्दीच्या मानसशास्त्रावर काम करणारे क्लिफर्ड स्टॉट आणि स्टीफन रायकर यांचं म्हणणं थोडक्यात असं: गर्दीत माणसाची अक्कल जात नाही, तो ‘मी’ ऐवजी ‘आम्ही’ म्हणून विचार करू लागतो. अशा वेळी पोलिसांनी दोघातिघांच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांवर लाठी उगारली, तर शांत असलेले लोकही त्या दोघातिघांच्या बाजूला ढकलले जातात. २००४ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालने याच्या उलट करून पाहिलं. सामन्यांच्या शहरांत पोलीस साध्या गणवेशात, चाहत्यांशी बोलत फिरले आणि दंगलविरोधी पथकं नजरेआड ठेवली. इंग्लंडचे हजारो चाहते तिथे होते, तरी त्या शहरांत मोठा गोंधळ झाला नाही. दंगा झाला तो अल्बुफेरा या किनाऱ्यावरच्या गावात, जिथे सामनाच नव्हता आणि बंदोबस्त दुसऱ्या पोलीसदलाचा, जुन्या पद्धतीचा होता.

याचा अर्थ सगळे चाहते साधुसंत आहेत असा नाही. ठरवून मारामारी करायला येणारे आजही आहेत. त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये न्यायालय व्यक्तिगत बंदीचा आदेश काढतं, म्हणजे त्या माणसाला सामन्याच्या आसपास फिरकता येत नाही. ज्याने केलं त्यालाच शिक्षा, इतकं साधं आहे ते.

‘मग पाहुण्यांना बंदीच का घालत नाहीत?’

घालून पाहिली आहे. मार्च १९८५ मध्ये ल्यूटनच्या मैदानात मिलवॉलच्या चाहत्यांनी केलेल्या धुमाकुळानंतर ल्यूटनने १९८६-८७ पासून सगळ्याच पाहुण्यांना दार बंद केलं. ओळखपत्र असलेल्या सभासदांनाच प्रवेश. आत शांतता आली हे खरं, पण पाहुण्यांना तिकिटं द्यायला नकार दिल्याबद्दल त्या वर्षी लीग कपमधून ल्यूटनचीच हकालपट्टी झाली आणि चार हंगामांनंतर बंदी गुंडाळली गेली.

अर्जेंटिनाने २०१३ मध्ये वरच्या विभागातही पाहुण्यांवर बंदी आणली. तरी नोव्हेंबर २०१८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या कोपा लिबर्टाडोरेस स्पर्धेच्या अंतिम लढतीआधी बोका ज्युनियर्सची बस रिव्हर प्लेटच्या चाहत्यांनी फोडली. स्टेडियममध्ये बोकाचा एकही चाहता येणार नव्हता. हल्ला रस्त्यावर आणि यजमानांकडून झाला. शेवटी तो सामना ९ डिसेंबरला माद्रिदमध्ये खेळवावा लागला, तोही दोन्ही बाजूंच्या चाहत्यांसमोर. नेदरलँड्समध्ये अयाक्स आणि फेयेनोर्ड यांच्या सामन्यांना २००९ पासून पाहुणे नसतात. सप्टेंबर २०२३ मध्ये अयाक्सच्याच प्रेक्षकांनी मैदानात फटाके फेकले आणि सामना अर्ध्यावर थांबवावा लागला. त्याआधीच्या महिन्यात अथेन्सला तिथला एईके आणि क्रोएशियाचा डिनामो झाग्रेब यांच्या सामन्याला पाहुण्यांना मनाई होती, तरी झाग्रेबचे टोळके अनेक देश ओलांडून पोचले आणि रस्त्यावरच्या हाणामारीत एईकेच्या एका चाहत्याचा खून झाला.

बंदीमुळे पोलिसांचा त्या दिवसाचा ताण कमी होतो, हे मान्य करायला हवं. एखाद्या सामन्यापुरता तो शहाणपणाचा निर्णयही असू शकेल. पण दोष कुणाचा हे न बघता सगळ्यांना बाहेर ठेवणारा हा उपाय आहे आणि तो घेताना पुरावा तपासला गेला पाहिजे. बर्मिंगहॅममध्ये नेमकं तेच उघडं पडलं. इंग्लंडमध्ये स्टेडियमचा सुरक्षा परवाना १९७५ च्या कायद्याखाली स्थानिक परिषद देते आणि पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन दल यांची एक सल्लागार समिती तिला सल्ला देते. म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हे सरकार ठरवत नाही, फुटबॉल संघटनाही ठरवत नाही. त्या समितीसमोर पोलिसांनी ठेवलेल्या माहितीत मक्काबीच्या अशा एका सामन्याचा उल्लेख निघाला जो कधी झालाच नव्हता. एआयच्या साधनातून तो आत शिरला होता. दुसरीकडे, निर्णय बदलला तरी आपण तिकिटं घेणार नाही असं मक्काबीनेही मधल्या काळात जाहीर केलं होतं.

उलटा प्रवासही दिसतो. स्कॉटलंडच्या ग्लासगोत रेंजर्सने २०१८ मध्ये सेल्टिकच्या सात हजारांच्या आसपासच्या जागा आठशेवर आणल्या, सेल्टिकनेही तसंच उत्तर दिलं आणि पुढे काही काळ दोन्हीकडे पाहुणे शून्यावर गेले. सामना जगप्रसिद्ध, पण प्रत्युत्तराचा आवाजच नाही. २०२५ च्या जानेवारीपासून स्टेडियमच्या सुमारे ५ टक्के जागा देऊन पाहुणे परत आले. अर्जेंटिनानेही २०२५ मध्ये निवडक सामन्यांना पाहुणे परत आणायचा प्रयोग सुरू केला.

‘रग्बीत, क्रिकेटमध्ये तर सगळे एकत्र बसतात’

बसतात, हे खरं आहे. त्यात खेळाच्या सभ्यतेपेक्षा संख्येचा भाग मोठा आहे. क्रिकेटमध्ये पाहुण्या देशाचे समर्थक अनेकदा मूठभर असतात. इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या चार विभागांत ९२ क्लब, त्यांतले कितीतरी एकाच शहरातले किंवा तासाभराच्या अंतरावरचे आणि दर आठवड्याला हजारो लोक एकमेकांच्या गावात जाणारे. कामाच्या ठिकाणी, शाळेत, घरातसुद्धा दोन क्लब असतात. शनिवारचा हिशेब सोमवारपर्यंत चालतो.

शिवाय फुटबॉलमध्येही सगळीकडे भिंत नसते. इंग्लंडमधल्या महिलांच्या लीगमध्ये दोन्ही बाजूंचे प्रेक्षक बहुतेक वेळा मिसळून बसतात. विश्वचषकात संघांसाठी राखलेले भाग सोडले तर शेजारी कुठल्याही देशाचा माणूस असू शकतो. लंडनमधल्या फुलहॅमच्या क्रेव्हन कॉटेज मैदानात तर पुरुषांच्या सामन्यांनाही बरीच वर्षं एक अधिकृत तटस्थ विभाग होता. अवे तिकीट हुकलेले चाहते तिथे जाऊन बसत आणि आपल्या संघाचा गोल झाला तर त्यांना हात मांड्यांखाली दाबावे लागत नसत.